लकवा आला तर कुठे न्यायचं, हे आजच ठरवा: विदर्भातल्या खेड्यांसाठी

लकव्याला इलाज नाही, नशिबात असेल तर माणूस उठेल, असं आपल्याकडे अजूनही सर्रास बोललं जातं. इलाज आहे. पण तो साडेचार तासांत मिळाला तरच लागू पडतो, आणि सीटी स्कॅन केल्याशिवाय देता येत नाही. शहरातल्या माणसाला ही अट फारशी जड नाही. एटापल्ली, झरी जामणी किंवा धारणी तालुक्यातल्या माणसासाठी मात्र सगळा खेळ रस्त्यावरच संपतो. म्हणून या लेखात औषधांपेक्षा रस्ता, फोन, कागदपत्रं आणि घड्याळ यांच्याबद्दल जास्त लिहिलं आहे.

गडचिरोली म्हटलं की लोकांना मलेरिया आठवतो. तिथल्या 'सर्च' संस्थेने २०११ ते २०१३ या दोन वर्षांत ८६ गावांतल्या मृत्यूंची कारणं शोधली. १,५९९ मृत्यूंपैकी २२९ लकव्याने झाले होते, म्हणजे साधारण सातांत एक. दुसऱ्या कोणत्याही एका कारणाने इतकी माणसं गेली नव्हती. लकव्याने गेलेल्यांपैकी ८७ टक्के माणसं घरीच गेली. हा दुसरा आकडा मला पहिल्यापेक्षा जास्त बोचतो.

डोक्यात नेमकं काय होतं

मेंदूचं वजन शरीराच्या दोन टक्के, पण शरीराला मिळणाऱ्या ऑक्सिजनपैकी जवळपास पाचवा हिस्सा तो एकटा वापरतो. साठा मात्र काहीच ठेवत नाही. रक्त थांबलं की काही मिनिटांत पेशी मरायला लागतात. मोठी रक्तवाहिनी बंद झाली तर दर मिनिटाला सरासरी १९ लाख चेतापेशी जातात, असा अंदाज आहे.

लकवा दोन तऱ्हेचा. संत्र्याच्या बागेतल्या ठिबकचा विचार करा: नळी चोंदली तरी झाड सुकतं आणि नळी फुटली तरी सुकतं. मेंदूतही रक्ताची गुठळी अडकून वाहिनी चोंदते (पाचांतले साधारण चार लकवे असे असतात), नाहीतर वाहिनी फुटून रक्तस्राव होतो. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. तेच वाकडं तोंड, तोच लुळा हात. कितीही अनुभवी डॉक्टर असला तरी नुसतं पाहून त्याला खात्रीने सांगता येत नाही.

पहिल्या प्रकारात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देतात. अल्टेप्लेज आणि टेनेक्टेप्लेज ही त्यांची नावं. तेच इंजेक्शन दुसऱ्या प्रकारात दिलं तर जीव जाऊ शकतो. सीटी आधी, इंजेक्शन नंतर, हा क्रम त्यामुळेच आहे. घरी ॲस्पिरीनची गोळी द्यायची नाही, तीही याच कारणाने.

गुठळी अडकली की मधला भाग लगेच मरतो, पण त्याच्या भोवतीचा भाग काही तास अर्धमेल्या अवस्थेत तग धरून असतो. सगळी धावपळ त्या अर्धमेल्या भागासाठी. गुठळी फार मोठी असेल तर जांघेतून नळी घालून ती ओढूनही काढता येते. हे साधारण सहा तासांत करतात, निवडक रुग्णांत २४ तासांपर्यंत. पण ही सोय मोठ्या शहरातच मिळते, आपल्यासाठी म्हणजे बहुतेक नागपुरात.

पहिली पायरी: ओळखणं

लकव्याची खूण म्हणजे अचानकपणा. सकाळी धड चालणारा माणूस दुपारी जेवताना घास तोंडातून गळवतो. संशय आला की तीन गोष्टी करून बघा, एक मिनिट लागतं.

"दात दाखवा" म्हणा. तोंड एका बाजूला ओढलं जातंय का बघा.

डोळे मिटून दोन्ही हात समोर धरायला लावा, तळवे वर. दहापर्यंत मोजा. एक हात खाली घसरतो का?

एखादं सोपं वाक्य म्हणायला सांगा: "आज बुधवारचा बाजार आहे." जीभ अडखळते का, शब्द भलतेच येतात का, की माणूस नुसताच तुमच्याकडे बघतो?

यातली एक गोष्ट जरी बिघडलेली दिसली तरी लकवा समजूनच चालायचं. याशिवाय एकाएकी एका बाजूचं दिसेनासं होणं, तोल जाऊन भिंतीला धरून चालावं लागणं, पूर्वी कधी झाली नाही अशी प्रचंड डोकेदुखी, याही खुणा आहेत.

आता आपल्याकडचे घोळ. एप्रिल-मेमध्ये चंद्रपूरचा पारा ४५ च्या वर जातो. त्या दिवसांत कुणी अंगणात कोसळलं की घरातलं पहिलं वाक्य ठरलेलं: "ऊन लागलं असन, कांद्याचा रस पाजा अन् झोपू द्या." ऊन लागलेल्याचं अंग तापलेलं असतं, तो बरळतो, पण त्याची एकच बाजू लुळी पडत नाही. एका बाजूचं काहीही गेलं की उन्हाचा विचार बाजूला ठेवा. आणि खरंच उष्माघात असला तरी झोपू द्यायचं नसतं. अंग थंड करत दवाखाना गाठायचा असतो.

मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्याची साखर एकदम उतरली तर हुबेहूब लकव्यासारखं दिसू शकतं. घरी साखर मोजायचं यंत्र असेल तर मोजा, आणि आकडा ७० च्या खाली आला तर तो १०८ च्या डॉक्टरला फोनवरच सांगा.

पावसाळ्यात जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे उठला आणि त्याच्या दोन्ही पापण्या उघडत नाहीत, पोट दुखतंय, गिळता येत नाही, असं झालं तर तो लकवा नसून मण्यार चावलेली असू शकते. मण्यारीच्या चाव्याची खूण बहुधा दिसतच नाही. त्याला सापाच्या विषावरची लस लागते आणि तीही तातडीने.

काही वेळा दहा-पंधरा मिनिटांत सगळं पूर्ववत होतं. हात चालायला लागतो, बोलणं सुधारतं, आणि माणूस उठून वावरात जातो. ही सगळ्यात फसवी गोष्ट. गुठळी आली आणि तात्पुरती सरकली, एवढाच त्याचा अर्थ. पुढच्या दोन दिवसांत मोठा लकवा येण्याचा धोका सर्वांत जास्त असतो. त्याच दिवशी दवाखान्यात जायचं.

दुसरी पायरी: घड्याळ आणि फोन

माणूस शेवटचा धडधाकट कधी दिसला, ती वेळ लिहून ठेवा. हातावर लिहिली तरी चालेल. साडेचार तास तिथून मोजतात, तुम्हाला कळलं तिथून नाही. झोपेतून उठतानाच लकवा दिसला तर रात्री झोपायला गेले ती वेळ धरतात. तरीही न्यायचंच, काही ठिकाणी एमआरआय करून किती भाग वाचण्यासारखा आहे ते पाहता येतं.

मग १०८. फोनवर रडारड होते आणि गावाचं नाव सांगायचंच राहतं, म्हणून वाक्यं आधीच ठरवून ठेवलेली बरी:

"आमच्या बाबाले लकवा मारला. तोंड वाकडं झालं, उजवा हात उचलत नाही. एक वाजेपर्यंत चांगले होते. गाव अमुक, तालुका अमुक, फाट्यावरून डावीकडे, ग्रामपंचायतीच्या बाजूले. सीटी आहे त्या दवाखान्यात न्या लागते."

शेवटचं वाक्य विसरू नका. गाडी बऱ्याचदा जवळच्या सरकारी रुग्णालयात नेते, तिथे सीटी नसेल तर पुन्हा चिठ्ठी, पुन्हा दुसरी गाडी. यातच दोन तास जातात. गाडी आता कुठे आहे आणि किती वेळात पोहोचेल, हेही विचारा. यायलाच तास लागणार असेल आणि गावात चारचाकी असेल, तर तिने निघा आणि वाटेत १०८ ला गाठायचं का ते फोनवर ठरवा. एक गोष्ट मात्र आहे: बेशुद्ध, घरघर लागलेल्या किंवा सारख्या उलट्या होणाऱ्या रुग्णाला रुग्णवाहिकेत ऑक्सिजन आणि डॉक्टर असणं मोलाचं असतं.

गाडी येईपर्यंत रुग्णाला कुशीवर झोपवा, डोकं थोडं उंच ठेवा. तोंडात खर्रा असेल तर काढा. हे फार क्षुल्लक वाटेल, पण आपल्या भागात निम्म्या माणसांच्या गालात खर्रा असतो, आणि लकव्यात गालाची संवेदना गेलेली असते. सुपारीचा तो चोथा घशात सरकून श्वास कोंडतो. कवळी असेल तर तीही काढा. पाणी, चहा, रस, काढा यातलं काही पाजू नका. गिळण्याचे स्नायूही लुळे पडलेले असू शकतात आणि पाजलेलं पाणी फुप्फुसात जातं. लकव्यानंतर न्यूमोनिया होऊन माणूस दगावण्याचं हे एक मोठं कारण आहे.

बीपीची गोळी देऊ नका. लकव्याच्या वेळी वाढलेला बीपी पाहून घाबरायला होतं, पण अर्धमेल्या भागाला रक्त पोहोचवायला शरीरानेच तो बऱ्याचदा वाढवलेला असतो. जिभेखाली गोळी ठेवून तो धाडकन उतरवला की उरलासुरला भागही जातो. किती उतरवायचा आणि कधी, हे दवाखान्यात ठरतं.

गावातल्या डॉक्टरकडे "एक सलाईन लावून" निघण्यात अर्धा तास जातो आणि फायदा शून्य. लकव्याचं औषध देणाऱ्या बुवाकडे जाण्यात दिवस जातो. कबुतराचं रक्त चोळण्याबद्दल तर काय बोलावं. कबुतरही जातं आणि वेळही.

सोबत कोण जाणार? रुग्णाची औषधं माहीत असलेलं आणि सही करू शकणारं माणूस. बहुतेक घरांत औषधांचं सगळं सुनेला ठाऊक असतं आणि गाडीत बसतात काका. वहिनीला गाडीत बसवा. रेशन कार्ड, आधार, आयुष्मान कार्ड असेल तर ते, आणि चालू गोळ्यांची पाकिटं पिशवीत टाका. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ते आवर्जून सांगायचं.

तिसरी पायरी: कुठे न्यायचं, जी खरं तर आजची पायरी आहे

जवळचा दवाखाना आणि कामाचा दवाखाना एकच असेल असं नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात सीटी नसतो, ग्रामीण रुग्णालयात सहसा नसतो. जिल्हा रुग्णालय, वैद्यकीय महाविद्यालय आणि मोठी खासगी रुग्णालयं इथे तो मिळतो. विदर्भात नागपूरचं मेडिकल, मेयो आणि मिहानमधलं एम्स, वर्धा जिल्ह्यात सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय आणि सावंगी मेघे, यवतमाळ, अकोला, चंद्रपूर आणि गोंदियाची शासकीय महाविद्यालयं, ही नावं सगळ्यांना माहीत आहेत. पण नाव माहीत असणं पुरेसं नाही. घरी सगळे ठणठणीत असताना, एखाद्या निवांत दिवशी फोन करून किंवा कामाने गेलात की प्रत्यक्ष जाऊन तीन प्रश्न विचारून या:

सीटी रात्री आणि रविवारीही चालू असतो का?

गुठळी विरघळवणारं इंजेक्शन तुमच्याकडे देतात का?

महात्मा फुले योजना इथे लागू आहे का?

पहिल्या दोन्ही प्रश्नांना 'हो' म्हणणारं सगळ्यात कमी वेळाच्या अंतरावरचं ठिकाण, ते तुमचं. ते तुमच्या जिल्ह्यातच असेल असं नाही. उमरखेडवाल्याला यवतमाळपेक्षा नांदेड जवळ पडतं, धारणीकरांना बऱ्हाणपूर, सिरोंचाच्या लोकांना तेलंगणातली शहरं. राज्याची हद्द ओलांडताना पैशांचा हिशेब तेवढा आधी करा: महात्मा फुले योजना महाराष्ट्राची आहे, केंद्राचं आयुष्मान कार्ड मात्र दुसऱ्या राज्यातल्या संलग्न रुग्णालयातही चालतं.

आता वेळेचा हिशेब. साडेचार तास म्हणजे २७० मिनिटं. दवाखान्याच्या दारापासून इंजेक्शनपर्यंत ६० मिनिटांपेक्षा जास्त लागू नयेत, असं उद्दिष्ट जगभर मानतात. आपल्याकडेही तेवढी तरी धरा. राहिली २१०. लक्षात येऊन गाडीत बसेपर्यंत अर्धा तास गेला. हातात उरले तीन तास. गडचिरोली शहरातून नागपूर सुमारे १७० किलोमीटर, म्हणजे बसतं, पण जेमतेम. वाटेत कुठे थांबायला जागा नाही.

आणि पर्लकोटेला पूर येऊन भामरागडचा संपर्क तुटलेला असेल तर? तेव्हा हे गणित बसत नाही, आणि ते बसतं असं सांगण्यात अर्थ नाही. पण वेळ टळली म्हणून रुग्णाला घरी ठेवायचं नाही. इंजेक्शनशिवायही दवाखान्यातली शुश्रूषा जीव वाचवते: गिळता येतं का ते तपासून मगच खाऊ घालणं, ताप आणि साखर ताब्यात ठेवणं, कूस बदलणं, दुसरा लकवा टाळणारं औषध सुरू करणं. दहा तास उशीर झाला तरी न्या, दुसऱ्या दिवशी रस्ता उघडला तरी न्या.

ठरलेल्या दवाखान्याचं नाव, त्याचा फोन, १०८, गाडीवाल्या भावाचा नंबर, आशाताईंचा नंबर आणि घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाच्या चालू गोळ्या, एवढं एका कागदावर लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. मोबाइलमध्ये ठेवून भागत नाही, मोबाइल नेमका आजाऱ्याच्या खिशात असतो आणि त्याला कुलूप असतं.

दारात पोहोचल्यावर

केसपेपरच्या रांगेत उभं राहू नका. थेट अपघात विभागात जा आणि पहिल्याच वाक्यात सांगा: "लकवा वाटतो, एक वाजेपर्यंत चांगले होते." वेळ सांगितली की डॉक्टरांची हालचाल बदलते.

इंजेक्शनच्या आधी संमती घेतात. डॉक्टर सांगतील की यामुळे मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. हे खरं आहे. शंभरातल्या साधारण सहा जणांना तसा त्रास झाल्याचं १९९५ च्या मूळ अमेरिकी अभ्यासात दिसलं होतं. पण त्याच अभ्यासात, इंजेक्शन मिळालेल्यांची तीन महिन्यांनी जवळजवळ अपंगत्वाशिवाय हिंडण्याफिरण्याची शक्यता न मिळालेल्यांपेक्षा किमान तीस टक्क्यांनी जास्त होती. प्रश्न जरूर विचारा, मात्र पुण्यातल्या मोठ्या भावाला, मग जावयाला, मग मामाला फोन लावण्यात अर्धा तास घालवू नका. तेवढ्यासाठीच निर्णय घेणारं माणूस सोबत पाहिजे.

पैशांचं थोडक्यात. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या आरोग्य केंद्रांपासून जिल्हा रुग्णालयांपर्यंत उपचार १५ ऑगस्ट २०२३ पासून निःशुल्क आहेत. योजनेतल्या खासगी रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो. अनामत रक्कम भरण्याआधी त्याला गाठा आणि रुग्णाचा आजार कोणत्या पॅकेजमध्ये बसतो ते विचारा. कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे आणि आता पांढरं रेशन कार्डही चालतं. अडलं तर १५५३८८ हा योजनेचा क्रमांक. कागद घरी राहिले म्हणून उपचार थांबवू नका, ते मागाहून आणून देता येतात का ते आरोग्यमित्राला विचारा.

लेकरू आणि बाळंतीण

लकवा म्हाताऱ्यांचाच, हा समज विदर्भात विशेष घातक आहे, कारण आपल्याकडे सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. एसएस प्रकारचा सिकलसेल असलेल्या लहान मुलालाही लकवा येतो. मूल एकाएकी एक पाय ओढायला लागलं, हातातली पेन्सिल सारखी पडायला लागली, बोलेनासं झालं, तर अंगदुखीचा नेहमीचा त्रास समजून बसू नका. इथे उपचार वेगळा असतो, तातडीने रक्त चढवावं लागतं, त्यामुळे सिकलसेलचं कार्ड दाखवा आणि रक्तपेढी असलेल्या रुग्णालयातच न्या. घरात कुणाला सिकलसेल असेल आणि बाकीच्या भावंडांची तपासणी राहिली असेल, तर ती प्राथमिक आरोग्य केंद्रातून सुरू करून घ्या.

दुसरी बाळंतीण. बाळंतपणानंतरच्या दिवसांत रक्त गोठण्याकडे कल असतो. त्यात बाळंतिणीला पाणी कमी द्यायची जुनी रीत. उन्हाळ्यात तर ती अंगाशीच येते. मेंदूतून रक्त परत नेणाऱ्या शिरेत गुठळी होते. दिवसागणिक वाढणारी डोकेदुखी, उलट्या, मग झटके किंवा हात-पाय लुळा पडणं. बाहेरचं काही लागलं म्हणून उतारा करत बसण्याची ही वेळ नाही. वेळेत कळलं तर यातल्या बहुतेक जणी पूर्ण बऱ्या होतात. आणि बाळंतिणीला पोटभर पाणी द्या.

घरी आणल्यावर

सुट्टी होताना एक गोष्ट विचारल्याशिवाय निघू नका: लकवा गुठळीचा होता की रक्तस्रावाचा? गुठळीच्या लकव्यात ॲस्पिरीनसारखी गोळी बहुधा आयुष्यभर चालते, रक्तस्रावाच्या लकव्यात तीच घातक ठरू शकते. शेजारच्या घरातल्या लकव्याच्या गोळ्या म्हणून आपल्या माणसाला चालत नाहीत. डिस्चार्ज कार्डाचे फोटो दोन-तीन जणांच्या फोनमध्ये ठेवा. मूळ कागद पावसात भिजतात, उंदीर खातात.

मेंदूच्या मेलेल्या पेशी परत येत नाहीत, पण शेजारच्या पेशी त्यांचं काम शिकतात. ही शिकवणी सरावाने होते, आणि पहिल्या तीन महिन्यांत ती सगळ्यात वेगाने होते. म्हणून "अशक्तपणा आहे, पडून राहू द्या" हे चुकीचं. डॉक्टरांनी परवानगी दिली की बसवायचं, मग उभं करायचं. फिजिओथेरपिस्टकडे आठवड्याला जाणं जमत नसेल तर सुट्टीपूर्वीच त्याच्याकडून व्यायाम शिकून त्याचा मोबाइलवर व्हिडिओ काढा आणि घरी दिवसातून तीन-चार वेळा करून घ्या. हरभरे ताटलीतून वाटीत टाकणं, कपडे वाळत घालणं, कुलूप उघडणं, हे उत्तम व्यायाम आहेत आणि फुकट आहेत.

उचलताना लुळ्या हाताला धरून ओढू नका. त्या खांद्याचे स्नायू सैल असतात, सांधा निखळतो आणि मग महिनोन्महिने दुखतो. बगलेत हात घालण्याऐवजी कमरेला गमछा बांधून तो धरून उठवा. झोपून असलेल्याची कूस दर दोन तासांनी बदला. भरवताना ताठ बसवा, लहान घास द्या, आणि खाताना ठसका लागत असेल तर थांबा आणि डॉक्टरांना दाखवा.

तेल लावायला हरकत नाही, घरच्यांचा हात लागतो तेवढं रुग्णाला बरंच वाटतं. मालिशनेच लकवा जाईल ही आशा तेवढी ठेवू नका. शेक मात्र देऊच नका. लुळ्या पायाला चटका कळत नाही. विटेच्या शेकाने पडलेले फोड पुढे चिघळतात, मधुमेह असेल तर पायावर बेततं.

लकव्यानंतर साधारण तिघांत एकाला नैराश्य येतं. बाबा चिडचिड करतात, जेवत नाहीत, व्यायाम करत नाहीत, सारखे रडतात, तेव्हा "हिंमत ठेवा बाबा" याने भागत नाही. ते मेंदूच्या दुखापतीचाच एक भाग असू शकतं आणि त्याला औषध आहे. टेली-मानसचा १४४१६ हा फोन मोफत आहे, मराठीत बोलता येतं. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो.

काही महिन्यांनी हात-पाय पूर्ण सुधारला नसेल तर अपंगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी अर्ज करा. ४० टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर योजनांचे दरवाजे उघडतात. संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज तहसीलमध्ये होतो. फेरतपासणीला जाताना एसटी परवडते: ७५ वर्षांवरच्यांना फुकट, ६५ ते ७५ वाल्यांना आणि बायकांना अर्धं तिकीट.

ज्यांच्या घरी अजून काही झालेलं नाही

लकव्यामागचं सगळ्यात मोठं आणि आवरता येण्यासारखं कारण बीपी आहे. वरचा आकडा दहाने उतरवला तर लकव्याचा धोका साधारण पावपटीने कमी होतो. बीपी दुखत नाही, ही त्यातली अडचण.

तिशीनंतर प्रत्येकाने उपकेंद्रात, म्हणजे आताच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात, बीपी मोजून घ्यावा. मोजण्याआधी पाच मिनिटं टेकून बसा, आणि त्याआधीचा अर्धा तास चहा नको, खर्रा नको. सायकल दामटत येऊन लगेच मोजलेला बीपी खरा नसतो. दोन वेगवेगळ्या दिवशी १४०/९० किंवा त्याहून वर आला तर उपचार लागतो. गोळी बहुधा ॲम्लोडिपिनपासून सुरू होते, आणि सरकारी केंद्रात ती मोफत मिळते. देशातल्या उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाच्या सुरुवातीच्या जिल्ह्यांत भंडारा आणि वर्धा होते. ही गोष्ट खेड्यातही होऊ शकते हे तिथे दिसलेलं आहे.

खरी गळती गोळी सुरू झाल्यावर होते. "बीपी नॉर्मल आला, गोळी बंद केली." नॉर्मल आला तो गोळीमुळेच. ॲम्लोडिपिनने काहींच्या पायांवर सूज येते, तेव्हाही स्वतःहून बंद न करता डॉक्टरांकडून बदलून घ्यायची.

मीठ दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे घरातल्या प्रत्येकी एक चहाचा चमचा, तेही सगळं मिळून. भाजीत मीठ कमी केलं आणि ताटात ठेचा, लोणचं, पापड तसेच राहिले तर उपयोग नाही. खर्ऱ्यातली तंबाखू बीपी आणि नाडी दोन्ही वाढवते. बिडी सोडून खर्ऱ्यावर आलो म्हणजे सुटलो असं समजणारे बरेच आहेत. नाडी अनियमित लागत असेल, लहानपणी सांधेतापाने हृदयाची झडप खराब झालेली असेल, तर ईसीजी काढून घ्या, कारण गुठळी बऱ्याचदा हृदयातूनच निघते.

गोळ्या साधारण महिन्याभराच्या मिळतात. कापूस वेचायला, वीटभट्टीवर किंवा मिरची तोडायला तेलंगणात जायचं असेल तर निघण्याआधी आरोग्य केंद्रात तसं सांगून जास्त दिवसांच्या मागा आणि बीपीचं कार्ड सोबत ठेवा. ते दाखवून दुसरीकडच्या सरकारी दवाखान्यातही गोळ्या मागता येतात. पावसाळ्यात वाट बंद होणाऱ्या गावांनी जूनच्या पहिल्या आठवड्यातच आशाताईंना घरोघरची यादी करायला सांगावं, पूर येण्याआधी दोन महिन्यांच्या गोळ्या गावात पोहोचल्या पाहिजेत.